खरी नक्कल

दिवाळीत आमच्या घरी येणारा पाहुणा चकलीचा पहिला तुकडा मोडतो आणि तो तोंडात जाण्याच्या आत समोरच्या भिंतीकडे पाहून विचारतो, “ही जपानी चित्रं अस्सल का हो?” गेली तीस वर्षे मी एकच उत्तर देत आलो आहे : “नाही. ही खरी नक्कल आहे.” पाहुणा हसतो, मला विनोदी माणूस समजतो आणि अनारशाकडे वळतो. पण वाचकहो, ते उत्तर विनोदाचे नाही. ते मला बरेच महाग पडलेले आहे. कसे, ते सांगायला एरवीच्या सदराची जागा पुरली नसती. दिवाळी अंकात संपादकांनी हात जरा सैल सोडला आहे, म्हणून आज सांगून टाकतो.

माझा छंद आहे जुन्या जपानी लाकडी ठशांच्या चित्रांच्या नव्या प्रती जमवण्याचा. जळगावात असा छंद असणे म्हणजे केळीच्या बागेत सफरचंदाचे झाड लावण्यासारखे आहे. आमच्या गावात माणसे सोने जमवतात, आणि त्याला छंद म्हणत नाहीत, संसार म्हणतात. माझ्या छंदाची सुरुवात नेमकी त्या सोन्यावर घाला घालूनच झाली.

१९८६ सालचा मे महिना. मुंबईला कामासाठी गेलो होतो. खिशात सहा हजार रुपये होते. ते सौ.च्या पाटल्यांचे. तिची आजीची पाटल्यांची जोडी तिच्या बहिणीच्या लग्नात मोडली गेली होती, आणि त्याच घडणीची नवी जोडी करायची म्हणून तिने चार वर्षे घरखर्चातून पैसे बाजूला टाकले होते. मुंबईतला माझ्या ओळखीचा एक कारागीर ती घडण करून देणार होता. त्याच्याकडे जाण्याच्या वाटेवर जुन्या वस्तूंचे एक दुकान लागले आणि दारातच, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला, एक पाऊस दिसला.

पाऊसच म्हणतो, कारण चित्र पहिल्यांदा दिसलेच नाही. वरून काळा ढग उतरत आलेला, त्यातून बारीक बारीक रेषांनी कोसळणारी सर, खाली लाकडी पूल आणि पुलावरून डोक्यावर छत्र्या, चटया धरून पळणारी पाच-सात माणसे. नदीत एकटाच नावाडी तराफा हाकतो आहे. ज्या माणसाने आदल्याच दिवशी जळगावात पंचेचाळीस अंशांचे ऊन सोसले आहे, त्याने हे चित्र पाहून काय करावे? मी तिथेच उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, “हिरोशिगे आहे साहेब. अस्सल. सव्वाशे वर्षांपूर्वीची प्रत. परदेशात याला लाख मिळतात.” अर्ध्या तासाने मी बाहेर पडलो तेव्हा पाऊस माझ्या बगलेत होता आणि खिसा कोरडा ठणठणीत होता.

घरी काय झाले ते सविस्तर सांगत नाही. सौ. रडली नाही, भांडली नाही. चित्राकडे पाच मिनिटे पाहत राहिली आणि म्हणाली, “पाऊस चांगला आहे.” मग म्हणाली, “अस्सल आहे ना पण?” मी छातीवर हात ठेवून ‘हो’ म्हणालो. त्या ‘हो’चीच ही गोष्ट आहे.

आता चित्राविषयी थोडे सांगायला हवे. हिरोशिगे हा जपानचा चित्रकार १७९७ साली जन्मला आणि १८५८ साली गेला. आयुष्याच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्याने एडो शहराची, म्हणजे आजच्या तोक्योची, शंभरावर दृश्ये काढली. त्यांपैकी पुलावरच्या अवचित सरीचे हे चित्र १८५७ सालचे. आपल्याकडे ते बंडाचे साल, तिकडे हा पाऊस पडत होता. पुढे तीस वर्षांनी, १८८७ साली, पॅरिसमध्ये व्हॅन गॉग नावाच्या एका गरीब चित्रकाराने याच चित्राची तैलरंगात नक्कल केली. त्याच्याकडे अशी जपानी चित्रे शेकड्यांनी होती, कारण तेव्हा ती अगदी स्वस्त मिळत.

स्वस्त असायचे कारण ती मुळात बाजारासाठीच छापलेली. एडोत अशा एका चित्राची किंमत शेवयांच्या एक-दोन वाडग्यांइतकी असे. आणि ती करायची तऱ्हा मोठी पाहण्यासारखी होती. चित्रकार पातळ कागदावर फक्त रेषांचे रेखाटन करून देई. कोरक्या ते रेखाटन रानचेरीच्या फळीवर उलटे चिकटवी आणि कागदासकट लाकूड कोरून काढी. रेषा लाकडात खोदायची नसते. रेषेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून ती केसासारखी उभी ठेवायची असते. त्या पावसाच्या रेषा उभ्या ठेवताना कोरक्याने श्वास कसा घेतला असेल, देव जाणे! मग प्रत्येक रंगाला वेगळी फळी. सगळ्या फळ्या एकमेकींशी जुळाव्यात म्हणून प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात एक आणि कडेला एक अशा दोन खाचा. कागद त्या खाचांना टेकवला की रंग रेषेबाहेर जात नाही. शेवटी छापणारा पाण्यात कालवलेला रंग ब्रशाने फळीवर लावी, वर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा मजबूत कागद ठेवी आणि बांबूच्या सालपटात बांधलेल्या गोल चकतीने मागून घोटी. यंत्र नाही, दाब नाही, फक्त मनगट. वरचा तो काळा ढग फळीवर कोरलेलाच नसतो. ओल्या फळीवर रंग पुसत पुसत छापणारा दर प्रतीला तो नव्याने तयार करतो.

या सगळ्यात एक मौज वाचकांच्या ध्यानात आली असेल. चित्रकाराचे मूळ रेखाटन कोरताना नष्ट होते. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ चित्र’ म्हणू, ते शिल्लक राहतच नाही. उरतात त्या फक्त प्रती. ही मौज मला तेव्हा कळली असती, तर पुढची आठ वर्षे सुखाने झोपलो असतो.

१९९१ सालच्या दिवाळीत घर रंगवायला काढले होते. चित्र उतरवताना काच तडकली. नवी काच बसवण्यासाठी पुठ्ठा काढला, तेव्हा पुठ्ठ्याखाली दडलेला पांढरा समास बाहेर आला. कागद स्वच्छ, तजेलदार होता. सव्वाशे वर्षांत कागदाचा रंग उतरला नाही, पिवळा पडला नाही, हे कसे? आणि समासात खाली, नखाएवढ्या जागेत, जपानी अक्षरांची एक ओळ होती. मी ती चिठ्ठीवर उतरवून घेतली.

जळगाव हे अजिंठ्याचे स्टेशन. हिवाळ्यात जपानी प्रवासी इथे उतरतात आणि फर्दापूरची वाट धरतात. त्या डिसेंबरात मी स्टेशनवर एका वयस्क जपानी गृहस्थांना गाठले आणि चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती दोन्ही हातांत घेतली, वाचली, आणि मोडक्या इंग्रजीत सांगितले की ही कोरणाऱ्याची आणि छापणाऱ्याची नावे आहेत, आजच्या काळातली. मग एक शब्द उच्चारला : “फुक्कोकु.” म्हणजे पुन्हा कोरलेले. “फार चांगले काम,” असे म्हणून त्यांनी कमरेत वाकून चिठ्ठी परत दिली. मीही वाकलो. पण मी वाकलो तो ओझ्याने.

जपानात त्या प्रतीवर कोणी खोटे लिहिलेले नव्हते. करणाऱ्यांनी आपली नावे उघड छापली होती. मधल्या कुणीतरी ती पुठ्ठ्याखाली घातली आणि नव्याचे जुने केले. मी काय केले? नवी काच बसवली आणि पुठ्ठा पुन्हा होता तसा लावला. ती नावे दुसऱ्यांदा झाकली गेली, ती माझ्या हाताने.

तीन वर्षे गेली. पाहुणे विचारत, “अस्सल का हो?” मी ‘हं’ म्हणे. या ‘हं’चा अर्थ ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा. सौ. मात्र कौतुकाने सांगे, “अस्सल आहे. पाटल्या गेल्या त्यात.” त्या वेळी मी पाणी आणायला उठत असे.

१९९४ च्या दिवाळीत माझ्या मेहुण्यांचे एक मुंबईचे स्नेही अजिंठा-वेरूळ पाहायला म्हणून आमच्याकडे उतरले. व्यापारी माणूस, हौशी, रसिक. चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. रात्री जेवणे झाल्यावर म्हणाले, “चाळीस हजार देतो. आधी वेरूळ करून येतो, मग अजिंठा. तोवर विचार करा.” सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात पाटल्या होत्या, आठ वर्षांचे व्याज होते आणि नवऱ्याने निदान एक तरी व्यवहार शहाणपणाचा केला याचा आनंद होता.

रात्रभर मी हिशेब केला. त्याने मला फसवले, मी यांना विकतो. हे मोठ्या शहरातले, यांना चाळीस हजार म्हणजे काय? आणि मला तरी कोणी सांगितले होते? असे प्रश्न माणूस स्वतःला विचारतो तेव्हा उत्तर त्याला ठाऊक असते, एवढे मी अनुभवाने सांगतो. पहाटे उठलो, चित्र धोतरात गुंडाळले आणि धुळ्याची गाडी धरली.

धुळ्याला आमचे अण्णा होते. नात्याने माझे मावसभाऊ, वयाने वडिलांसारखे. चाळीस वर्षे त्यांनी छापखाना चालवला होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, तमाशाची जाहिरात, निवडणुकीची पत्रके. खिळे जुळवण्यापासून ट्रेडल मशीन पायाने मारण्यापर्यंत सगळे स्वतः केलेला माणूस. छापलेल्या कागदाविषयी खोटे बोलायचे तर ते अण्णांसमोर बोलून पाहावे.

धुळ्याला आगगाडीने जायचे तर चाळीसगावला गाडी बदलावी लागते. धुळ्याची गाडी सुटायला अवकाश होता. स्टेशनापासून जवळच केकी मूस यांचे घर आहे, तिथपर्यंत चालत गेलो. मूस यांना जाऊन तेव्हा पाच वर्षे होत आली होती. हा पारशी कलावंत १९१२ साली मुंबईत जन्मला. इंग्लंडात शिकून, युरोप-अमेरिका-जपान पाहून १९३८ च्या सुमारास चाळीसगावी परतला आणि त्यानंतर १९८९ च्या ३१ डिसेंबरला मृत्यू येईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे घराबाहेर पडला नाही म्हटले तरी चालेल. चित्रे काढी, कागदाच्या घड्यांची जपानी कला करी, आणि एका टेबलावर सृष्टी मांडून तिची छायाचित्रे घेई. कुणी म्हणत, मुंबईच्या एका मुलीने येण्याचे वचन दिले होते आणि तो रात्रीच्या गाडीची वाट पाही. त्या घरासमोर उभा असताना माझ्या डोक्यात मात्र वेगळेच चालले होते. मूस यांनी एका निगेटिव्हवरून दहा छायाचित्रे छापली असतील, तर त्यांतले अस्सल कोणते? पहिले? की सर्वांत चांगले उतरलेले? उत्तर सुचण्याआधी गाडीची वेळ झाली.

अण्णांनी चित्र चौकटीतून बाहेर काढले आणि पुढची बाजू पाहण्याआधी उलटे केले. “छपाई मागून बघायची असते,” ते म्हणाले. मागे रंग कागदातून झिरपून आला होता, आणि उजेडात तिरके धरल्यावर घोटल्याचे गोल गोल माग दिसत होते. मग खिशातून भिंग काढून त्यांनी ढगावर धरले. “ठिपके दिसतात का बघ.” मी पाहिले. ठिपके नव्हते. “ऑफसेटवर काढलं असतं तर भिंगाखाली खसखस दिसली असती. हा हाताचा रंग आहे. आता बोट फिरव.” पावसाच्या रेषेवरून मी बोट हलकेच फिरवले. कागदात ती किंचित रुतलेली जाणवत होती. अण्णा पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग भिंग खिशात ठेवून, ते मनापासून बोलू लागले की येई ती अहिराणी त्यांच्या तोंडी आली : “हाई नक्कल शे, पन खोटी नही शे. तू कसाले लाजस?”

मी सगळी हकीकत सांगितली. पाटल्या, पुठ्ठा, चाळीस हजार. अण्णांनी ऐकून घेतले आणि भिंतीकडे बोट केले. तिथे त्यांच्या छापखान्याच्या वेळची, काठांना कसर लागलेली, रविवर्म्याची लक्ष्मी होती. “उद्या-परवा लक्ष्मीपूजन. तू घरी जी लक्ष्मी मांडतोस ती अस्सल का? रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि शिळाछापाने लक्ष्मी घरोघरी गेली. राजेलोकांच्या दिवाणखान्यातलं तैलचित्र किती जणांनी पाहिलं? हात सगळ्यांनी जोडले ते छापील कागदालाच. तिला नक्कल म्हणून कोणी ओवाळायचं टाकलं का?”

मी म्हणालो, “पण अण्णा, लक्ष्मीला मूळ तैलचित्र म्हणून कोणी विकत नाही.”

“तेच तर!” ते म्हणाले. “दोष चित्रात नाही, बोलण्यात आहे. आपल्या धुळ्यात वाग्देवता मंदिरात जा. समर्थ संप्रदायाची बाडं शंकरराव देवांनी मठामठांतून हिंडून जमवली. त्यांतली बरीच शिष्य-प्रशिष्यांनी केलेल्या नकलाच आहेत. लिहिणारा शेवटी आपलं नाव घालतो, शक घालतो, कोणाच्या पोथीवरून उतरलं तेही कधी लिहून ठेवतो. ती पोथी नक्कल असून पूज्य. का? कारण ती आपलं नाव लपवत नाही. तुझ्या या कागदावरही दोन माणसांची नावं आहेत, आणि ती पुठ्ठ्याखाली कोंडलीस तू.”

मी उठलो तेव्हा त्यांनी विचारले, “त्या गृहस्थाला काय सांगणार?” मी म्हणालो, “बघतो.” अण्णा म्हणाले, “बघू नकोस. सांग.”

दुसऱ्या दिवशी पाहुणे वेरूळहून आले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना अजिंठ्याला घेऊन गेलो. जळगावाहून साठ किलोमीटरची वाट. ज्या वाघूर नदीच्या वळणावर ती लेणी आहेत, तीच नदी पुढे आमच्याकडे येऊन तापीला मिळते. पहिल्या लेण्यात पहारेकऱ्याने दिवा पद्मपाणीच्या चेहऱ्यावर धरला. खाली झुकलेले ते डोळे पाहून पाहुणे हलक्या आवाजात म्हणाले, “याची कुणी चांगली नक्कल केली आहे का हो?”

वाचकहो, याच प्रश्नावर मी तीन वर्षे वाचत आलो होतो. अजिंठ्याच्या नकलांचा इतिहास हा आगींचा इतिहास आहे. १८१९ साली इंग्रजांना ही लेणी दिसली. १८४४ पासून रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने इथे राहून वर्षानुवर्षे भिंतीवरची चित्रे कापडावर उतरवली. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली आणि १८६६ साली बहुतेक सगळी जळाली. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर आमच्या भुसावळला आहे. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा सगळे उतरवले. त्यांतल्याही कित्येक नकला १८८५ साली लंडनच्याच आगीत गेल्या.

तिसरी गोष्ट जपानची आहे. १९१६ साली रवींद्रनाथ जपानला गेले असताना तिथले एक चित्र त्यांना फार आवडले, आणि त्यांच्यासाठी त्याची नक्कल करण्याचे काम अराई काम्पो या चित्रकाराकडे आले. ती करताना पाहून रवींद्रनाथांनी त्याला हिंदुस्थानात बोलावले. असा तो एका नकलेच्या बळावर इकडे आला आणि १९१७-१८ च्या सुमारास आपल्या देशबंधूंबरोबर अजिंठ्याच्या या अंधारात बसला. त्या नकला तोक्योच्या विद्यापीठात गेल्या आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत त्यांची राख झाली. तीनदा नक्कल जळाली, भिंत मात्र उरली.

पण हाच अराई काम्पो पुढे १९४० पासून जपानातल्या होऱ्युजी मंदिरात भिंतीवरच्या बुद्धचित्रांची नक्कल करीत होता. ती चित्रे अजिंठ्याच्या वळणाची म्हणून जगभर नावाजलेली. १९४५ साली तो गेला, काम इतरांनी चालू ठेवले. २६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे त्या मंदिराला आग लागली आणि बाराशे वर्षांचे रंग काळवंडून गेले. तिथे भिंत गेली आणि नकला उरल्या. आधी काढून ठेवलेल्या छायाचित्रांच्या आणि नकलांच्या आधाराने १९६८ पर्यंत ती चित्रे नव्याने करून मंदिरात बसवली. आज तिथे जाणारा यात्रेकरू पाहतो ती नक्कलच.

नक्कल करणारा बसतो तेव्हा दोहोंतले कोणते टिकणार हे त्याला ठाऊक नसते. तरी तो बसतो. अजिंठ्याच्या अंधारात हे सांगता सांगता माझ्या लक्षात आले, की ज्या माणसांची मी इतकी बाजू घेतो आहे, त्यांच्याच जातीच्या दोन कारागिरांची नावे मी घरी झाकून ठेवली आहेत.

लेण्याबाहेर आलो. पाहुण्यांनी पाण्याची बाटली उघडली. मी म्हणालो, “ते माझ्याकडचं पावसाचं चित्र सव्वाशे वर्षांचं नाही. नव्याने कोरून छापलेलं आहे. मला तीन वर्षांपूर्वी कळलं.” त्यांनी पाणी पिऊन घेतले, तोंड पुसले आणि म्हणाले, “बरं झालं सांगितलंत.” परतीच्या वाटेवर कपाशीच्या भावावर बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी गेले. त्यानंतर त्यांचे पत्र आले नाही, आणि मेहुण्यांनीही तो विषय कधी काढला नाही. खरे बोलल्याबद्दल कोणी पाठ थोपटेल अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती.

मोठी परीक्षा घरी होती. त्या रात्री दिवे लावून झाल्यावर मी सौ.ला सगळे सांगितले. मुंबईच्या दुकानापासून पुठ्ठ्यापर्यंत. अण्णांचे म्हणणे सांगितले, अजिंठ्याचे सांगितले, आणि शेवटी जरा जोरात म्हणालो, “म्हणजे नक्कल असली तरी ती खोटी नाही!”

ती म्हणाली, “ते मला कळतं. आजीची घडण पाहून नव्या पाटल्या केल्या असत्या, तर त्या काय खोट्या म्हटल्या असत्या? सोनं सोनंच. पण अहो, मी साठवलेले पैसेही अस्सल होते. आणि तीन वर्षं मी लोकांना खोटं सांगत होते, ते तुम्ही ऐकत होतात.”

यावर कोणत्याही ग्रंथात उत्तर नाही. मी उठून चौकट खाली काढली, पुठ्ठा कापला आणि समास मोकळा केला. ती दोन नावे तेव्हापासून काचेखाली सर्वांना दिसतात. पाटल्या व्हायला १९९९ साल उजाडले. त्या आजीच्याच घडणीच्या आहेत.

माझा छंद खऱ्या अर्थाने सुरू झाला तो त्यानंतर. आता मी उघडपणे नव्या प्रतीच घेतो. जुनी अस्सल प्रत परवडणारी नव्हेच. होकुसाईची ती प्रसिद्ध लाट, १८३१ च्या सुमाराची, २०२३ साली न्यूयॉर्कला साडेसत्तावीस लाख डॉलरांवर गेली. तोक्योला मात्र अजून कोरके आणि छापणारे त्याच पद्धतीने चेरीच्या फळीवर काम करतात. १९२८ साली सुरू झालेली अदाची यांची संस्था त्यासाठी नावाजलेली आहे. बर्लिनमध्ये शोधलेला निळा रंग होकुसाईने लाटेला वापरला. तोच नव्या प्रतीत ओलाचिंब उठतो, आणि अशी प्रत एका बऱ्यापैकी सायकलीच्या किमतीत मिळते. किंबहुना १८३१ साली एडोच्या दुकानात ती लाट कशी दिसली असेल, हे उडालेल्या रंगाच्या जुन्या प्रतीपेक्षा या ताज्या प्रतीत अधिक कळते, असे माझे मत झाले आहे.

कुणाला हा नाद लागलाच, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. जुन्याच फळ्यांवरून मागाहून काढलेली प्रत वेगळी, नव्या फळ्या कोरून काढलेली वेगळी, आणि यंत्रावरचे छापील चित्र तिसरेच. विकणाऱ्याला यांतले कोणते ते स्पष्ट विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे. चित्र चौकटीतून बाहेर काढून दाखवायला जो नकार देतो, त्याला नमस्कार करून पुढे जावे. भिंग जवळ ठेवावे आणि मागची बाजू आधी पाहावी. आमच्या खानदेशातल्या उन्हात हे रंग पाहता पाहता उडतात, म्हणून समोरच्या खिडकीला पडदा हवा, आणि पावसाळा संपला की कसर लागली नाही ना, हे पाहायला हवे.

अण्णा आता नाहीत. त्यांचे भिंग माझ्याकडे आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत मी चित्रे खाली उतरवतो, त्याच भिंगाने तपासतो आणि प्रत्येकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीने लिहिलेले वाचून परत लावतो. पावसाच्या चित्रामागे मी लिहिले आहे : “मूळ चित्र हिरोशिगेचे, १८५७. ही नव्याने कोरलेली प्रत. माझ्यामागे मुलाने-नातवाने अस्सल म्हणून विकू नये.”

गेल्या वर्षी पाहिले तर त्याखाली सौ.च्या अक्षरात आणखी एक ओळ होती : “आणि सहा हजारांच्या खाली देऊ नये.”